करमोडांचं आडनाव

नवशा करमोडाच्या मुलाला, नीलेशला, मुलगी आवडली ती नेमकी करमोडांचीच. तो सालवडला राहून कारखान्यात कामाला जायचा, तेजल तिथेच पॅकिंगला होती. तिचं गाव सफाळ्याच्या आतल्या बाजूला, ह्यांचं डोंगराकडे. दोन्ही घरांचं कधी येणं-जाणं नव्हतं. पण करमोडा कुठेही भेटला तरी एकाच कुळाचा, भाऊबंद. तेजलचा बाप दादू म्हणाला, "भावाला बहीण कशी देऊ?"

ही अडचण खोटी आहे, हे एकट्या नवशाला ठाऊक होतं. त्याचा बाप मुळात करमोडा नव्हताच. कुठून तरी आलेलं पोरकं पोर, करमोडांची गुरं राखायचं. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "कोणाकडचा तू?" पोराने करमोडांचं नाव सांगितलं, तेच आडनाव लागलं. मोठा झाल्यावर कुळाने त्याला आपल्या देवाच्या पूजेत घेतलं, कसायला शेताचा तुकडा दिला. हे जाणणारी माणसं गेली. मरताना बापाने नवशाला बजावलं होतं, "कुठं बोलू नको. उघडा पडशील."

गप्प राहावं तर पोराचं लग्न मोडत होतं, बोलावं तर कूळ सुटत होतं. नीलेश जेवेनासा झाला, तेव्हा नवशा कुळातल्या वडीलधाऱ्या बळवंतकाकांना घेऊन दादूच्या अंगणात गेला.

"आमी करमोडा नाय," तो म्हणाला. "नाव तुमचं लागलं, रगत तुमचं नाय. आता पोरांना आडकाठी नाय."

बळवंतकाकांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. दादूने विचारलं, "मंग तुमचं कूळ कोनचं?"

"ठावं नाय."

"देव कोनचा?"

"तो बी ठावं नाय."

"कूळ नाय त्या घरात पोर कशी देऊ?"

तेजल दारातून पुढे आली. "काल भाऊ होता म्हणून नाय, आज कोनीच नाय म्हणून नाय. मंग हो कवा म्हणाल, बाबा?"

दादूने तिला आत पाठवलं. तिचं कामावर जाणंही बंद केलं.

नवं भात आलं, कुळाची पूजा ठरली. नवशाला बोलावणं आलं नाही. तरी तो गेला आणि बळवंतकाकांच्या अंगणाच्या कडेला बसला. पूजा झाल्यावर काकांची सून बाहेर आली. तिने त्याच्यासाठी चटई अंथरली आणि पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "पाणी देऊ?"