गादीवाल्याची पाठ

दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ होती : 'मालक स्वतः झोपून दाखवतात.' आणि ती शब्दशः खरी होती. गिऱ्हाईक आलं की गादीवाले चपला काढायचे, गादीवर पाठ टेकायचे, समाधी लागल्यासारखे डोळे मिटायचे आणि मग हात न टेकता टुणकन उठून बसायचे. फोम, काथ्या, स्प्रिंग काय, कुणाकडेही मिळतं. दुकान चालायचं ते त्या टुणकन उठण्यावर.

आणि नेमकी याच माणसाची कंबर धरली. देवाला थट्टा करायची लहर आली की तो अशी माणसं निवडतो. बघता बघता 'टुणकन'चं 'हळूहळू' झालं आणि 'हळूहळू'चं 'अगं, जरा हात दे' झालं. घरी तर गादीवाले जमिनीवर चटई टाकून झोपायला लागले. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती : ते स्वतः, त्यांची बायको आणि देव. त्यातला देव कुणाला सांगणारा नव्हता. बायकोची तेवढी खात्री देता येत नव्हती.

देवासमोरही वाकता येईना. सकाळी तसबिरीपुढे ताठ उभं राहून ते नुसती मान हलवायचे, रस्त्यात ओळखीचा दुकानदार भेटल्यासारखी. याचं दुःख कमरेच्या दुखण्याहून मोठं होतं, पण त्याला गोळी नव्हती.

गोळ्या, शेक, व्यायाम, पट्टा सगळं करून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पीआरपी करून बघू. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. त्यात प्लेटलेट भरपूर असतात. ते कमरेच्या सांध्यात टोचायचं."

"म्हणजे माझाच माल, मलाच परत?" गादीवाले म्हणाले.

"असंच समजा. पण काहींना गुण येतो, काहींना नाही. छातीठोक मी काही सांगणार नाही."

'छातीठोक सांगणार नाही' असं बोलणारा विक्रेता गादीवाल्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते बायकोकडे बघायला लागले.

"घ्या टोचून," बायको म्हणाली. "इतकी वर्षं माझं रक्त आटवलंत, आता जरा तुमचं फिरू दे."

सुई गेली तेव्हा गादीवाल्यांनी देवाची आठवतील तेवढी नावं घेतली आणि शेवटी आठवेनाशी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंचंच नाव घेतलं. निघताना त्यांना बजावून सांगितलं होतं : सुरुवातीचे काही दिवस दुखणं उलट वाढेल, नेहमीची दुखण्याची गोळी घ्यायची नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही.

"आणि आराम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडून राहा."

"बाई, माझा धंदाच तो आहे."

"धंद्यातलं पडणं नको."

पण दुसऱ्याच दिवशी स्वारी दुकानात हजर. "खुर्चीत बसून राहीन," असा बायकोला शब्द दिलेला. कीर्तनाला उशिरा येऊन दाराशी टेकणारे लोक शेवटी पहिल्या रांगेत दिसतात, तसंच झालं. दुपारी एक निवृत्त शाळामास्तरीण आल्या, मागून पिशव्या सांभाळत त्यांचे यजमान. बाईंनी बाहेरची पाटी मोठ्यानं वाचली आणि चष्म्यावरून गादीवाल्यांकडे पाहिलं.

"दाखवा."

"बाई, आज मी तोंडी सांगतो..."

"तोंडी परीक्षेला आम्ही कमी मार्क द्यायचो."

बायकोनं गल्ल्यामागून डोळे वटारले. पण पाटीची अब्रू होती. गादीवाले सगळ्यात भारी स्प्रिंगच्या गादीवर हळूच आडवे झाले. डोळे मिटले. समाधीही छान लागली. मग उठायची वेळ आली, आणि कमरेत अशी कळ आली की आतली प्लेटलेट न् प्लेटलेट हात जोडून म्हणाली, मालक, हलू नका.

गादीवाले हलले नाहीत. छताकडे बघत ते बोलतच राहिले. स्प्रिंगांची रचना सांगितली, कापडाची वीण सांगितली, गादी उलटी कधी करायची तेही सांगितलं. उठायचं सोडून सगळं झालं. बायकोला काय ते कळलं. ती लगबगीनं पाण्याचा पेला घेऊन आली, पण झोपलेल्या माणसाला पाणी कसं द्यायचं हे न सुचून तिनं स्वतःच पिऊन टाकलं.

"इतकी सुखाची आहे?" बाईंनी विचारलं. "उठावंसंच वाटत नाही तुम्हाला."

"अगदी बरोबर बोललात," गादीवाले म्हणाले. यात निदान अर्धं खरं होतं.

"मग हीच द्या. हाच नग. बाहेर टेम्पो उभाच आहे."

"नवी, वेष्टनातली देतो की आतून."

"नको. वेष्टनात काय निघेल कुणी पाहिलंय? मला डोळ्यांसमोरचीच हवी. उठा."

शेजारच्या साध्या काथ्याच्या गादीवर बाईंचे यजमान मघाशी पिशव्या ठेवून 'जरा टेकतो' म्हणाले होते. तेही आता आडवे झालेले होते. दोन्ही नवरे आडवे, दोन्ही बायका उभ्या.

बाई जवळ आल्या. "एक खरं सांगा. घरी तुम्ही हीच वापरता?"

खोटं बोलायला माणसाला निदान बसावं तरी लागतं. उताणं पडून, डोळ्यांत डोळे घालून ते जमत नाही. गादीवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आधीच 'सांगून टाका' अशी मान हलवत होती. टुणकन उठणारा मालक म्हणून कमावलेलं नाव डोळ्यांसमोरून टेम्पोत चढताना दिसलं.

"चटईवर झोपतो, बाई," ते म्हणाले. "कंबर दुखते. काल माझंच रक्त काढून मलाच टोचलंय. आता मला उठता येत नाहीये."

बाईंनी पर्स खाली ठेवली. गादीवाल्यांना वाटलं, आता छडी निघणार.

"कुशीवर वळा," बाई म्हणाल्या. "एकदम नाही. गुडघे वाकवा. आता पाय खाली सोडा. कोपरानं रेटा. श्वास कशाला कोंडलाय? सोडा."

गादीवाले बसले. नंतर उभेसुद्धा राहिले.

"मीही टोचून घेतलंय हे," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "दुखणं निम्मं गेलं. उरलेलं निम्मं वय आहे, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. आणि हात न टेकता उठायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"पाटीनं," बायको म्हणाली.

गादीवाले खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही दुसऱ्या दुकानात बघितलंत तरी माझी तक्रार नाही."

"बघितलं असतं. पण ह्यांना आता हलवायचं कुणी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. यजमान काथ्याच्या गादीवर तोंड उघडं टाकून घोरत होते. बाई खाली वाकून खात्री करून आल्या. परतल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "हे घरी रात्र रात्र जागे असतात हो. ती स्प्रिंगची राहू द्या. हे झोपलेत तीच द्या. फक्त त्यांची झोप होईपर्यंत टेम्पोवाल्याला थांबवा."

टेम्पोवाला थांबला. गादीवाले खुर्चीत बसले, बाई दुसऱ्या खुर्चीत, आणि चहाबरोबर कमरेच्या गोष्टी निघाल्या त्या यजमान जागे होईपर्यंत सरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायकोनं रंगाऱ्याला बोलावून पाटीवरची ओळ बदलून घेतली : 'गिऱ्हाइकाने स्वतः झोपून पाहावे. घाई नाही.' आता दुपारच्या वेळी दुकानात कुणी ना कुणी घोरत असतं. गाद्या पूर्वीपेक्षा कमी खपत नाहीत.

आणि कंबर? टुणकन काही उठता येत नाही, कुशीवर वळूनच उठावं लागतं. पण काही आठवड्यांनी एका सकाळी गादीवाले तसबिरीपुढे उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि हळूहळू वाकले. अर्ध्यावर कमरेनं बस म्हटलं.

"एवढं माझं झालं," ते देवाला म्हणाले. "उरलेलं अर्धं तू खाली ये."

आणि तसेच वाकून ते थोडा वेळ थांबले.