दुसरी वात

यंदा माझी आई गेली, म्हणून आम्ही मतयाच्या फेरीला निघालो. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यानं श्रावणातल्या या दिवशी आमच्या नेपाळातल्या पाटणभर अनवाणी हिंडायचं आणि एकूण एक चैत्यापुढे त्या माणसाच्या नावानं वात लावायची. चालायचं एकामागे एक, मागे वळून बघायचं नाही.

आईच्या वातींखाली मी झोळीत आणखी तेवढ्याच वाती लपवल्या होत्या. न्हुच्छेरत्नच्या, आमच्या पोराच्या. तीन वर्षांपूर्वी परमुलखातल्या समुद्रात त्याची बोट बुडाली. बोटीवरच्या चार नेपाळी पोरांपैकी एकाचंही प्रेत मिळालं नाही. मी काय ते समजलो. माझी बायको सानुनानी मात्र समजायला तयार नव्हती. त्याच्या नावाचा दिवा म्हटलं की भरल्या ताटावरून उठायची. पण पोरगं तिकडे अंधारात चाचपडतंय, या विचारानं मला घास गोड लागत नव्हता.

पुढे आळीचं वाजंत्री होतं. न्हुच्छेचा ढोल आता आळीतलाच पूर्णबीर वाजवतो.

"चटया झोडतोय नुसत्या," सानुनानी मागून म्हणाली. "न्हुच्छे आला की शिकवेल याला."

प्रत्येक विहाराच्या अंगणात आईची वात लावायची, हाताच्या आडोशानं दुसरी लावायची आणि पुढे सरकायचं, असं माझं चाललं होतं.

दुपारी कुंभेश्वरापाशी थांबलो. महादेवाला हात जोडले, पोहे वाटून घेतले. तिनं हात पुढे केला, तर दोन बोटं काळीठिक्कर, वर फोड आलेले.

मी विचारलं, हे काय?

"तुम्ही लावत होतात, मी विझवत होते," ती म्हणाली. "तो गेला म्हणून देवांना सांगत सुटलात. कुणीतरी अडवायला नको?"

मला रडू आवरेना. सकाळपासून मी पोराला अंगणाअंगणात मारत होतो, आणि ही बोटं भाजून त्याला जगवत होती.

त्यानंतर मी दुसरी वात काढलीच नाही. संध्याकाळी शेवटच्या चैत्यापुढे आईची वात लावली, तर सानुनानीनं आपणहून माझ्या झोळीत हात घातला. एक वात काढून आईच्या वातीवर पेटवली आणि शेजारी ठेवली. सकाळच्या सवयीनं तिची बोटं पुन्हा ज्योतीकडे गेली. मी मान खाली घातली.

ढोल थांबला, तेव्हा तिनं हात मागे घेतला.

"दमला असेल आता," ती म्हणाली. "आजीजवळ बसू दे त्याला."