तळणाचा दिवस

"पुन्हा आपल्याच किब्ब्यांचा फोटो येणार पेपरात," वफीका किब्ब्यांच्या गोळ्यांसाठी खिमा मळता मळता कुरकुरली. "माणसं मारायची कुणीतरी, आणि तळत बसायचं आपण!"

कुठे इस्लामच्या नावाने हल्ला झाला की मिशिगनमधल्या आमच्या मशिदीत शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं, हा आता रिवाजच झालाय. मग टीव्हीवाली येते आणि आमच्याकडून निषेध वदवून घेते. "तुम्ही याचा निषेध करता ना?" या तिच्या गोड प्रश्नाची मला शिसारी येते.

त्या दिवशी मात्र उत्तराची जास्त आली. वफीकाचे दीर घस्सान मशिदीचे अध्यक्ष. टाय सारखा करत ते म्हणाले, "द्वेषाचा शब्द इथे कधी उच्चारला गेला नाही."

आम्ही बायका ताटं वाढत राहिलो. मागच्या महिन्यात पाहुण्या इमामांनी दुआ करताना ज्यू-ख्रिस्त्यांचा नाश मागितला होता. स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर आम्ही ती दुआ नीट ऐकली होती. तेव्हापासून वफीकाचा कॉलेजातला मुलगा शेजारच्या मार्थाबाईंच्या हातचं पाणी पीत नाही. लहानपणी त्यांनीच त्याला सांभाळलेलं. आता त्या समोरच किब्बे खात बसल्या होत्या.

वफीका हात पुसत कॅमेऱ्यासमोर आली.

"उच्चारला गेला, भाऊजी. इथेच. आणि आपण सगळे आमीन म्हणालो."