हाकेच्या अंतरावर

“बाबा, एवढ्या पहाटे ते शिंग घेऊन कुठे निघालात?” मुलूनं, वोल्देकाकांच्या लेकीनं, दार अडवलं.

“समोरच्या घरातले गृहस्थ गेले वाटतं. रडणं ऐकलंस ना?”

“ऐकलं. पण हे आपलं जुनं कझांचिस नाही, बाबा. लोक चिडतील.”

“चिडू देत. चिडायला तरी बाहेर येतील!”

एकतीस वर्षं वोल्देकाका आदिस अबाबाच्या ऐन मध्यात, कझांचिसमध्ये, मर्तिकाला धावून येणाऱ्या शेजाऱ्यांच्या मंडळाचा पुकारा करत. कुणी गेलं की पहाटे शिंग फुंकायचं आणि नाव पुकारायचं. ते बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत इकडे तंबू उभा राहायचा, बाया हरभरे उकडायला घ्यायच्या. दवाखाना, चर्च, गिरणी, सगळं चार पावलांवर. टॅक्सीवाले तर उंबऱ्याशीच गिऱ्हाइकांना हाका मारायचे. खोली एकच, नळ सामायिक. पण तिथे कुणाला एकट्यानं रडावं लागलं नाही.

मग वस्ती उठली आणि शहराबाहेर चौथ्या मजल्यावर घर मिळालं. घरात नळ, घरात संडास. मुलू खूश होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. बसनं दोन तास लागतात म्हटल्यावर जुनं कुणी फिरकेना. काकांना आठ महिने एकच घोर लागला होता. आपण गेलो तर इथे पुकारणार कोण?

इमारतींमधल्या मोकळ्या जागेत उभं राहून त्यांनी शिंग फुंकलं. भराभर खिडक्या उघडल्या.

“ए म्हाताऱ्या, डोकं फिरलंय का?”

नाव पुकारायला काकांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दाराला दार लागून घर, जिन्यात रोजचा नमस्कार, आणि त्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं! उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. लाजेनं त्यांचे कान तापले.

धापा टाकत ते पुन्हा चार मजले चढले. समोरच्या दारात बाई एकटीच बसली होती.

“ताई, माफ करा. यांचं नाव काय होतं?”

“देम्से. देम्से आयेले.” तिनं डोळे पुसले. “तुम्हीच पहिले आलात. तुमचं नाव काय?”

काकांनी पुकाऱ्यात घेतात तसं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मग आजोबांचंही. तिनं ते तिन्ही एकदा हळूच म्हणून पाहिलं. काका मान हलवून, शिंग सावरत, देम्सेंचं नाव पुकारायला जिना उतरू लागले.