नौसोनच्या नावाचा खडा

“थ्रासोन, झोपलास काय? टाक लवकर, अजून बारा नावं उरलीत!” गावमुख्य फिलाग्रोस ओरडला, तसा मी पुढे झालो आणि मडक्यात हात घातला. काळा खडा आत सोडला. पांढरा मी मुठीतच ठेवला.

नाव नौसोनचं होतं. माझ्या शेजाऱ्याचं.

त्या वर्षी अथेन्सच्या सभेने हुकूम काढला होता, की प्रत्येक गावाने आपली यादी तपासावी; ज्याच्या आईबापांपैकी एक जरी परका असेल, त्याचं नाव काढावं. नाव ठेवायचं तर पांढरा खडा, काढायचं तर काळा. नौसोनची आई लेम्नोस बेटावर जन्मलेली. तिथे वसलेले लोक आपलेच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या बोलण्याला जरा वेगळा हेल होता, इतकंच. तिच्या तिरडीला मी स्वतः खांदा दिला होता.

मग काळा का टाकला? त्याच्या शेळीने माझं अंजिराचं नवं कलम खाल्लं आणि हा चारचौघांत म्हणाला, “शेळीला चव कळते बाबा!” सगळे हसले. मला वाटलं, पांढरे ढीगभर पडणारच आहेत, आपला एक काळा पडला तर याची जिरेल जरा. खरं तेच ठरवीन अशी देवाची शपथ घेऊन हा असला हिशेब मी केला.

बत्तीस काळे, एकोणतीस पांढरे. नौसोन गावाचा राहिला नाही.

संध्याकाळपर्यंत मला जो भेटला त्याने पांढराच टाकला होता. मीही तेच सांगत सुटलो. घरी बायको म्हणाली, “अहो, काळे टाकणारे मेले कोण असतील हो?” मी जोडा शिवत होतो. आरी बोटात घुसली, तरी मान वर केली नाही. मला माझीच किळस आली होती.

चार दिवसांनी भर दुपारी नौसोन दुकानात आला आणि चामड्याच्या ढिगावर बसला.

“शहरात दाद मागतोय,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का? तिथं हरलास तर गुलाम म्हणून विकतील तुला. गप राहा. परका म्हणून राहशील, पण जिवंत तर राहशील.”

“बायकोही तेच म्हणते. पण शेत जाईल, पोरांना सभेत उभं करणार नाहीत. आणि आईला मेल्यावर परकी ठरवली रे त्यांनी.” तो पुढे वाकला. “तू साक्षीला ये. तुझा खडा माझ्या बाजूचा होता, तेवढ्याच भरवशावर निघालोय.”

गप्प राहणं सोपं होतं. पण तो ज्या भरवशावर जीव पणाला लावत होता, तोच खोटा होता.

“काळा टाकला मी,” मी म्हणालो.

तो हसला. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं.

“आईवर संशय होता तुला?”

“नाही. कधीच नाही.”

“मग?”

“अंजीर. तू माझं हसं केलंस म्हणून.”

रस्त्यावरून कुणीतरी गाढव हाकत गेलं. ते दूर जाईपर्यंत नौसोन रस्त्याकडेच बघत राहिला.

“मग हेच सांग तिथं,” तो शेवटी म्हणाला. “पांढरा टाकला म्हणणारे पन्नास मिळतील मला. आईवर संशय नसताना शपथ मोडून काळा टाकला, असं सांगणारा दुसरा कुणी मिळायचा नाही. सांगशील? सगळ्या गावादेखत?”

गावादेखत म्हणजे फिलाग्रोस, माझे व्याही, माझी गिऱ्हाइकं. शपथ मोडणाऱ्याच्या हातचे जोडे पुन्हा कोण घालणार?

“सांगेन,” मी म्हणालो.

मी पेलाभर पाणी त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं नाही. पण तो उठूनही गेला नाही.