रामारूबाबाची ताटली

त्या दुपारी लिवाच्या मातीच्या घरात अख्खं अंबुहिमेना गाव लोटलं होतं. खिडक्या गच्च बंद. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वजांचा वास म्हणून कुणी झाडूही फिरवत नाही, तिथे भाताच्या पोत्यांपुढे पांढरी ताटली, तिच्यात पाणी आणि पाण्यात मधोमध दिवा. शेजारी वैदू रामारूबाबा घुमत होता.

"या रे तापाच्या पोरांनो, पाण्यात पडा, तळाशी दडा!"

आणि खरंच, पाण्यात काळे ठिपके पडू लागले! लोकांचे श्वास अडकले. बाबाने लगेच ताटलीवर लाल फडकं टाकलं.

"जवळून बघू नका, डोळे जातील! पोरीचा रोग पकडलाय मी. आता पौर्णिमेपर्यंत औषधाचा थेंब द्यायचा नाही, नाहीतर भुतं सुटतील." एवढं बोलून त्याने दक्षिणा म्हणून मिळालेला तांबडा कोंबडा बगलेत मारला.

दारात उभ्या डॉक्टर साहुंद्राला हसू आवरेना. मेलेल्या उंदरांची खबर लागताच ती राजधानीतल्या प्रयोगशाळेतून आली होती. उभा जन्म तिने प्लेगच्या मागे घालवला. 'हिचं लग्न उंदरांशी लागलंय,' असं तिची आई म्हणायची. ती ताटलीची युक्ती तिच्याच कामातली होती. मागे ती याच गावात संशोधनाला आली, तेव्हा सामान वाहायला हाच रामारू होता.

पण चटईवर लिवाची लेक फारा तापाने फणफणलेली दिसली आणि तिचं हसू मावळलं. जांघेत अंड्याएवढी गाठ आली होती. आज औषध मिळालं तर पोर वाचेल. पौर्णिमेची वाट पाहिली तर जाईल.

"लिवा, हिला आत्ता इंजेक्शन द्यायला हवं."

"नको गं ताई! रोग ताटलीत आहे, डोळ्यांनी पाहिला मी. सुईने सुटला म्हणजे?"

ओरडून कुणाची श्रद्धा सुटत नाही, हे साहुंद्राला अनुभवाने ठाऊक होतं. तिने पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढले.

"बाबा, मीही पकडते चार भुतं. चालेल?"

"तुला मंत्र येतो का?" बाबा फिस्कारला.

"सातचा पाढा येतो की!"

लोक खदखदले. तिने दुसरी ताटली घेतली, पाण्यात साबण कालवला, दिवा ठेवला आणि पूर्वजांचा कोपरा सोडून थेट घरातल्याच कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन बसली. "सात एके सात, सात दुणे चौदा..." पोरांनी सूर धरला. पाढा दोनतीनदा झाला आणि ठिपके पडू लागले.

"अगंबाई! हिलाही भुतं वश?" एक म्हातारी ओरडली.

"आजी, हे भिंग घ्या आणि बघा. डोळे गेले तर माझे घ्या."

म्हातारीने भिंग लावलं. "मेले! याला तर पाय आहेत! ही पिसू आहे गं!"

"पिसूच. अंधारात उजेड दिसला की ती उडी मारते आणि साबणाच्या पाण्यात बुडते. त्या भाताच्या पोत्यांमागे उंदीर प्लेगने मेले, उपाशी पिसवा माणसांना चावल्या. ताटलीत आलेल्या बुडाल्या. पण फाराला जी चावली, तिने दिलेला रोग पोरीच्या अंगातच आहे."

"खोटं!" रामारू गरजला. "ती माझी भुतं आहेत! माझं ऐकतात!"

"छानच झालं," साहुंद्रा म्हणाली. "मग तुम्हाला भीती नाही. बाकी सगळ्यांनी प्लेग टाळायच्या गोळ्या घ्या. पिसवांजवळ सगळ्यात जास्त बसलेत ते बाबा, पण त्यांना नको."

गोळ्यांचा डबा फिरू लागला. बाबाने हळूच स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही घोट्यांवर लाल चावे उठले होते. डबा पुढे गेला तसा त्याचा चेहरा उतरला.

"ए डॉक्टरीणबाई," तो पुटपुटला आणि त्याने हात पुढे केला. "एक मलाही दे."

कोंबडा बगलेतून निसटला आणि घरभर फडफडत सुटला. गाव पोट धरून हसलं. लिवा मात्र हसली नाही. तिने फाराला उचलून साहुंद्राच्या मांडीवर ठेवलं आणि लेकीची बाही स्वतःच वर केली.

फारा वाचली. आता तोच कोंबडा अंगणात तिच्यामागे धावतो. ईशान्येचा कोपरा रोज झाडला जातो, आणि पूर्वज काही रागावलेले नाहीत. पिसवा पकडायला ताटलीही लावतात, मंत्राशिवाय.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण फडकं उचलून पाहा. आणि बाबा औषध घेऊ नका म्हणाला, तर आधी विचारा, "बाबा, तुम्ही घेतलंत का?"