एक्केचाळीस चुकांची वही

त्या सिनेमात एकूण एक्केचाळीस चुका आहेत आणि त्या सगळ्या माझ्याकडे लिहून ठेवलेल्या आहेत, असं मी मिस हॉलंडना फोनवर अगदी छातीठोकपणे सांगितलं. फीनिक्सला जुने सिनेमे जपून ठेवणारी एक संस्था आहे, तिथल्या या बाई. त्यांनी जुन्या काउबॉय सिनेमांचा आठवडा ठेवला होता आणि शनिवारी एक तास होता, 'अपाची माणसं या सिनेमाबद्दल काय म्हणतात' असा. तो तास मला दिला होता. मला! सॅन कार्लोसच्या अपाची वस्तीतल्या सोळा वर्षांच्या रेनेल दोसेलाला! इतिहासाच्या सरांनी त्या सिनेमावरचा माझा निबंध मला न विचारता पाठवून दिला होता.

"आणि ती वही?" बाईंनी विचारलं. "निबंधात जिच्याबद्दल लिहिलंयस ती. आम्हाला ती आमच्याकडे ठेवायला फार आवडेल. काचेच्या पेटीत, कायमची."

"हो, देईन की," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला, की मी काय बोलून बसले. ती वही असायलाच नको होती. ती फेब्रुवारीतच जळायला हवी होती.

वही माझी आणि माझ्या मोठ्या भावाची मिळून होती. भाऊ फेब्रुवारीत गेला. बायलस गावाच्या अलीकडे, हमरस्त्यावर अपघात झाला, गाडीत एकटाच होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेणं म्हणजे हाक मारणं, आणि जो निघालाय त्याला अर्ध्या वाटेतून मागे वळायला लावणं हा दुष्टपणा झाला. त्याच्या वस्तूही ठेवत नाहीत. कपडे, बूट, गादी, बास्केटबॉलच्या दोन जर्सी, सगळं मामांनी नेऊन जाळलं. आई आणि मी ते घर सोडून आजोबांकडे राहायला आलो.

वही तेवढी माझ्या दप्तरात राहिली. विसरले, असं मी स्वतःला तीन आठवडे सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं आणि ती दप्तराच्या तळाशी, पुठ्ठ्याखाली सरकवली.

मला तेव्हापासून एकदाही रडू आलेलं नव्हतं. दुखतही नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, गाल असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. गंमत म्हणजे याच काळात मी एकदम हुशार झाले. आधी वर्गात नाव पुकारलं तरी माझे कान लाल व्हायचे. मार्चमध्ये मी पूर्ण शाळेसमोर उभी राहून वक्तृत्वाची स्पर्धा जिंकले! पाय कापले नाहीत, घसा सुकला नाही. घाबरायला आत कुणी नव्हतंच. सगळे म्हणाले, रेनेल केवढी धीट झाली. मी म्हटलं, हो, झाले.

आता सिनेमाबद्दल. त्यात आमचे आजोबा आहेत. आईचे वडील, वेंडेल आजोबा. सतरा वर्षांचे असताना त्यांना आणि आमच्याकडच्या आणखी तेरा पोरांना एक बस येऊन घेऊन गेली होती, उत्तरेला, लाल सुळक्यांच्या मुलखात. तो मुलूख नावाहो लोकांचा. अपाचींची लढाई दाखवायची तर अपाचींच्या डोंगरात दाखवावी, इतकं साधं कुणाला सुचलं नव्हतं. ही चूक नंबर एक. नंबर दोन, आमच्या लोकांच्या डोक्यावर गरुडाच्या पिसांचे लांबलचक टोप. ते मैदानी मुलखातल्या दुसऱ्या जमातींचे. आमच्यात कपाळाला साधं फडकं बांधायचे. नंबर तीन, गवताच्या गोल झोपड्यांऐवजी कातड्याचे टोकदार तंबू. नंबर चार, सगळे मोकळ्या माळावर येऊन गोऱ्यांच्या घोडागाड्यांभोवती घोडे पळवत गोल गोल फिरतात आणि एकेक करून गोळी खातात. आजोबा म्हणायचे, "आमचे पणजोबा इतके ढ असते तर मी जन्मालाच आलो नसतो."

नंबर नऊ, आजोबा स्वतः. ते त्या लढाईत चार वेळा मरतात. दोनदा एकाच घोड्यावरून.

रविवारी दुपारी आजोबा, भाऊ आणि मी, आम्ही तिघं तो सिनेमा लावायचो. भाऊ मध्येच थांबवायचा आणि लिहायचा. मी ओरडून सांगायचे, तो म्हणायचा, "हळू गं, महाराणी, हात आहे की यंत्र?" तो दमला की वही माझ्याकडे यायची, म्हणून अर्ध्या चुका माझ्या अक्षरात, अर्ध्या त्याच्या. त्याचं अक्षर इतकं वाईट, की कोंबडी चिखलातून गेलीय असं वाटावं.

फीनिक्सच्या फोनची बातमी ऐकून आजोबा खूश झाले. ते खूश झाले की गोऱ्या माणसाचं सोंग करतात. माझा हात धरून गदागदा हलवला, पाठीवर थाप मारली आणि घसा फोडून ओरडले, "अरे मित्रा! काय म्हणतोस! ये, ये, बस! कसं वाटतंय तुला? आई कशी आहे? भूक लागलीय? लागलीच असेल! हे खा!" आणि माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला.

आई ओकच्या बियांचं पीठ रश्श्यात कालवत होती. "बाबा, तिला खोकला लागेल," ती म्हणाली. पण तीही हसली. फेब्रुवारीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी पाणी प्यायले.

बुधवारी शाळेतून आले तर आजोबा अंगणात झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. आई कामावर. "चल," ते म्हणाले, "मी फीनिक्सचा प्रेक्षक. केस पांढरे, कान बहिरे. सुरू कर भाषण."

मी सुरू केलं. सोळाव्या चुकीपर्यंत धडाधड बोलले. सतरावी आठवेना. मी आत गेले, दप्तरातून वही काढली आणि बाहेर आले. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. इतकी बधिर झाले होते मी.

वही उघडली. आजोबांनी ते अक्षर पाहिलं.

त्यांनी हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबले.

"हे कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"तेव्हापासून."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"झोप लागते तुला?"

"लागते की. जेवते, झोपते, शाळेत जाते. मला काहीच होत नाही, आजोबा."

"तेच म्हणतोय मी, पोरी," ते म्हणाले. "सोळाव्या वर्षी काहीच होत नाही, असं कधी असतं का?"

मी वहीकडे बघत राहिले. मग फक्त काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सत्ताविसावी वाचू?"

"वाच. पण धरून तूच बस."

सत्ताविसावी चूक भावाच्या अक्षरात होती. सिनेमात म्हातारा सरदार मरतो आणि त्याचा मुलगा मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहून बापाचं नाव आकाशाकडे बघून तीन वेळा ओरडतो. मागे सगळे अपाची मान खाली घालून उभे. भावाने लिहिलं होतं, 'असं कुणी करेल का?' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'मागे उभ्या असलेल्यांच्या माना लाल कशा?' पुढे मोठं प्रश्नचिन्ह.

आजोबांना हसू फुटलं. अगदी नको असताना फुटतं तसं.

"हे त्याने पाहिलं होतं? मला विचारलं का नाही?"

"काय विचारायचं?"

"अगं, ते आम्ही नाहीच! आम्हा चौदा जणांना तिथे उभं केलं होतं. त्या नटाने नाव ओरडायला सुरुवात केली. नाव खोटंच, कुठल्याही माणसाचं नसेल असं. तरी पहिल्या हाकेला दोघं निघाले. दुसऱ्या हाकेला आम्ही सगळे निघालो. सरळ बसमध्ये जाऊन बसलो. दिग्दर्शक धावत आला. त्याला वाटलं, भूक लागली असेल. सगळ्यांना सँडविच दिले! आम्ही खाल्ले, पण उतरलो नाही. मग त्याने दिवे लावणारे आणि सुतार, त्यांना घोंगड्या गुंडाळून उभं केलं. गोरी माणसं, उन्हाने भाजलेली. म्हणून माना लाल."

मला ही गोष्ट भावाला सांगायची होती. माझा हात फोनकडे गेलासुद्धा. मग मी तो परत आणला.

"बाईंना काय सांगू?" मी विचारलं. "मी देईन म्हटलंय. आजोबा, ती काचेत ठेवणार आहेत. लोक बघतील. नाहीतर त्याचं काहीच उरत नाही कुठे. एक बटणसुद्धा नाही."

"माहीत आहे."

"मी उतरवून घेऊ का? माझ्या अक्षरात?"

"घे. किंवा नको घेऊस. तो तोंडाने जे बोलला ते तुझ्याजवळ आहे, ते कुणी मागत नाही. पण हे कागद..." त्यांनी हनुवटीने वहीकडे दाखवलं, बोट केलं नाही. "काचेत कायमचं, म्हणजे त्याला कायमचं तिथे थांबवायचं. मी तुझ्या हातातून ओढून घेणार नाही. आईलाही सांगणार नाही. वही तू ठेवलीस, तूच बघ."

हे सगळ्यात वाईट. ओरडले असते तर मी भांडले असते. भांडायला मी आता पटाईत आहे.

उतरवून घ्यायला बसले. त्याच्या पहिल्या तीन चुका माझ्या नीटनेटक्या अक्षरात लिहिल्या आणि त्या एकदम माझ्याच वाटायला लागल्या. जणू तो काही बोललाच नव्हता. मी ते पान फाडलं. मग वही पाठ केली. गुरुवार पूर्ण, गणिताच्या तासाला, जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये. माझी मैत्रीण टॅमरा म्हणाली, "ओठ काय हलवतेस गं, म्हातारीसारखी?" मी म्हटलं, "परीक्षा आहे."

शुक्रवारी सकाळी शाळेआधी घरामागच्या पिंपात वही टाकली आणि काडी ओढली. आजोबा दारात उभे राहिले, जवळ आले नाहीत. पुठ्ठ्याला वेळ लागला. पानं मात्र भराभर गेली. वहीची तार तेवढी उरली, काळी आणि वेटोळी. ती मी काठीने काढून नाल्याच्या वाळूत पुरली. वाटलं होतं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. हाताला धुराचा वास राहिला आणि मी बसला पाच मिनिटं उशिरा पोचले.

शनिवारी आजोबांच्या पिकअपमधून फीनिक्सला गेलो. सभागृह भरलं होतं. मी अप्रतिम बोलले. उगाच नम्रपणा कशाला, अप्रतिमच बोलले! चार वेळा मरणाऱ्या आजोबांवर लोक इतके हसले, की त्यांना उभं राहून हात हलवावा लागला. सत्ताविसावी सांगितली, सुतारांच्या लाल मानांसकट, तेव्हा टाळ्या पडल्या. आणि अडतिसावीनंतर मी थांबले. पुढे काहीच नव्हतं. मी मोजून पाहिलं. तीन कमी होत्या. कुठल्या, ते कसं कळणार? आता बघायचं कशात?

"अडतीसच," मी म्हटलं. "तीन गेल्या."

लोकांना तोही विनोद वाटला.

नंतर मिस हॉलंड माझ्याकडे आल्या. बाई चांगल्या होत्या. त्यांनी ती काचेची पेटीसुद्धा आणून ठेवली होती, आत निळं कापड अंथरून.

"वही आणलीस?"

"जाळली."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं! केवढं नुकसान!"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. मग म्हणाल्या, "तुझ्या भाषणाची फीत तरी ठेवू. पाटीवर नावं लिहायची आहेत. तुझं आहे माझ्याकडे. दुसरं कुणाचं?"

"मोठ्या भावाचं."

"त्याचं नाव काय?"

त्या पेन धरून वाट बघत होत्या. नाव माझ्या जिभेवर होतं. दोनच अक्षरं आहेत. सांगितलं असतं तर तिथे कुणालाही कळलं नसतं की काही घडलंय. आजोबा दूर सरबताच्या टेबलापाशी कुणाशी तरी हस्तांदोलन करत होते, खऱ्या गोऱ्या माणसाशी.

"मोठा भाऊ, एवढंच लिहा," मी म्हटलं.

"नुसतं तेवढंच?"

"हो. माझा मोठा भाऊ."

त्यांनी लिहिलं. मी अक्षर बघितलं, सुवाच्य होतं.

परतीच्या वाटेवर ग्लोब गाव ओलांडलं. मग आजोबा म्हणाले, "पांढरा घोडा पाण्यात उतरतो आणि तपकिरी होऊन बाहेर येतो, ती सांगितलीस?"

"सांगितली."

"प्लायवूडचं निवडुंग?"

"सांगितलं. वाऱ्याने हलतं, तेही सांगितलं."

"मग घुबड?"

"कुठलं घुबड?"

"अगं, तळावर सगळे बसलेत, मांस खातायत आणि वरच्या झाडावर घुबड ओरडतं. आणि कुणी जागचं हलत नाही! घुबड ओरडतंय आणि अपाची म्हणतोय, जरा मीठ दे."

आमच्यात घुबड ओरडलं म्हणजे मरण जवळ आलं, ऐकणारा उठून पळतोच. मला दिसलं. भाऊ सोफ्यावरून उडी मारून उठला होता, ताट हातात धरून सगळ्या खोलीभर पळाला होता, आजोबांच्या खुर्चीमागे लपला होता. 'खरा अपाची असा बसेल होय!' असं ओरडत. रस्सा माझ्या केसांत सांडला होता.

"ती त्याची होती," मी म्हटलं.

"त्याचीच."

मला हसू आलं आणि ते वर येता येता मध्येच अडकलं, घशात, काटा अडकावा तसं. दुखलं. मी खिडकीकडे तोंड केलं. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रेडिओ बंद केला आणि गाडी जरा हळू केली.

उरलेल्या दोन मला अजून आठवलेल्या नाहीत.